उहुदनंतरची आयत

मदिनेतील औस आणि खजरज या टोळ्यांचे हाडवैर जुने. 617 च्या सुमारास बुआसच्या लढाईत त्यांनी एकमेकांची बरीच माणसे मारली होती. 622 मध्ये पैगंबर मुहंमद मक्केहून आले तेव्हा हेच लोक त्यांचे ‘अन्सार’, म्हणजे मदतनीस झाले. मक्केतून घरदार सोडून आलेले ते ‘मुहाजिर’. एका टोळीच्या नसलेल्या या लोकांना सामाईक असे होते ते नमाजात रोज कानी पडणारे कुराण.

624 मध्ये बद्रला 300 हून थोड्या अधिक मुसलमानांनी मक्केच्या कुरैश टोळीच्या सुमारे 1000 जणांना हरवले आणि लगेच लुटीवरून कुरबुर सुरू झाली. कुराणाच्या ‘अन्फाल’ अध्यायाची सुरुवातच या प्रश्नाने होते. टोळीप्रमुखाने चौथाई घ्यायची, ही अरबांची जुनी रीत मोडली. पाचवा हिस्सा अल्लाह, पैगंबर व त्यांचे आप्त, अनाथ, गरीब आणि वाटसरू यांच्या नावे राखला गेला.

खरी कसोटी लागली ती 625 मध्ये, कुरैशांशी उहुदला झालेल्या लढाईत. शहरातच राहून लढावे, असे पैगंबरांचे मत होते. तरुणांच्या आग्रहाखातर बाहेर पडणे झाले. मदिनेतील एक पुढारी अब्दुल्लाह इब्न उबय्य सुमारे 300 माणसांसह वाटेतूनच माघारी फिरला. विजय दिसू लागताच टेकडीवरचे बहुतेक तिरंदाज लुटीसाठी खाली धावले, कुरैशी घोडदळ पाठीमागून आले आणि सत्तरेक मुसलमान पडले. पैगंबरांचे चुलते हमजा त्यांत होते.

‘आल-इम्रान’ अध्यायाचा मोठा भाग या दिवसाबद्दल आहे, आणि त्यात सारवासारव नाही. तुम्ही आपसांत भांडलात, हुकूम मोडलात, हे तोंडावर सुनावले आहे. पळालेल्यांना माफ केल्याचेही सांगितले आहे. नवल पुढेच आहे. मसलतीतून झालेला निर्णय अंगाशी आला होता, तरी पैगंबरांना आज्ञा झाली ती या लोकांना क्षमा करून त्यांचा सल्ला घेत राहण्याची. चुकलेली माणसेही कुराणातील याच आयती, म्हणजे वचने, नमाजात म्हणू लागली. पराभवाचे खापर एखाद्या टोळीवर फोडून नवे वैर धरणे त्यामुळे अवघड झाले असावे.

उहुदवर एकेका कबरीत दोघांना पुरावे लागले. कुराण जास्त कोणाला येत होते, हे विचारून त्याला आधी उतरवले, असे हदीसमध्ये नोंदले आहे.

पैगंबरांच्या निधनानंतर, 633 मध्ये यमामाच्या लढाईत कुराण मुखोद्गत असलेले अनेक पाठक मारले गेले. तेव्हा पैगंबरांचे सहकारी उमर यांच्या सूचनेवरून खलिफा अबू बकर यांनी आयती एकत्र लिहून काढण्याचे काम सोपवले ते जैद इब्न साबित यांच्यावर. जैद खजरज टोळीचे होते.