249वी जागा

शेंगदाणे निवडताना काळपट, बुरसटलेला दाणा बाजूला टाकायची सवय मला घरातूनच लागली. 'खवट लागतो' एवढेच कारण तेव्हा ठाऊक होते. पुढे यकृताच्या कर्करोगाविषयी वाचताना तो दाणा पुन्हा भेटला, तोही जनुकांच्या कारभारात.

1960 मध्ये इंग्लंडमध्ये लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले. त्यांना घातलेली शेंगदाण्याची पेंड ब्राझीलहून आली होती आणि ती बुरसटलेली होती. 'अ‍ॅस्परजिलस फ्लेवस' या बुरशीच्या त्या विषाला पुढे अफ्लाटॉक्सिन हे नाव मिळाले. मक्यावरही ही बुरशी सुखाने वाढते.

दैवदुर्विलास असा, की हे विष खरे जहाल होते ते यकृतात. बाहेरून आलेल्या पदार्थांची विल्हेवाट लावणारी यकृताची विकरेच त्याला असे रूप देतात, की ते डीएनएमधल्या ग्वानिनला, म्हणजे 'जी' या अक्षराला, चिकटते. मग पेशी विभागताना 'जी'च्या जागी 'टी' उतरवला जाऊ शकतो.

आता पी53 या प्रथिनाकडे वळू. 393 अमिनो आम्लांच्या या प्रथिनाचे मुख्य काम म्हणजे इतर जनुकांवर हुकमत चालवणे. डीएनएला इजा झाली की ते पी21सारखी जनुके जागी करते, पेशीचे विभाजन थांबते आणि दुरुस्तीला सवड मिळते. दुरुस्ती जमलीच नाही, तर ते पेशीला मरणाकडे ढकलते. या सगळ्यासाठी त्याची डीएनएवर घट्ट पकड हवी. पकडीचा आकार सांभाळणाऱ्या अमिनो आम्लांपैकी एक म्हणजे 249व्या जागेवरचे आर्जिनिन. त्याची जनुकातली अक्षरे 'एजीजी'. शेवटचा 'जी' जाऊन 'टी' आला की आर्जिनिनऐवजी सेरिन बसते आणि पकड सुटते. प्रथिन तयार होतच राहते. मुनीम पेढीवर हजर, पण वही काही उघडत नाही. इजा झालेली पेशी विभागत राहते.

1991 मध्ये 'नेचर'च्या एकाच अंकात दोन निबंध आले. यांगत्से नदीच्या मुखाजवळच्या छीतुंगमधल्या 16 गाठींपैकी 8 गाठींत याच जागी बदल होता. आफ्रिकेच्या दक्षिण भागातल्या रुग्णांतही तो सापडला. हे वाचून मी बराच वेळ थांबलो. माणसाने वर्षानुवर्षे काय खाल्ले, याची नोंद त्याच्या गाठीत एका अक्षराने राहिली होती.

मात्र सारे खापर बुरशीवर फोडणे बरोबर नाही. शांघायमधल्या एका अभ्यासात कर्करोगाचा धोका केवळ अफ्लाटॉक्सिनमुळे सुमारे 3 पट, केवळ हिपॅटायटिस बीमुळे 7 पट, तर दोन्ही एकत्र आल्यावर जवळपास 60 पट आढळला. म्हणूनच नवजात बाळांना दिलेल्या हिपॅटायटिसच्या लशीला मी फार मोठे मोल देतो.

पण छीतुंगमध्ये लशीच्याही आधी ताटातले धान्य बदलले. 1980च्या दशकात धान्यव्यवहारावरची बंधने सैल झाली आणि मका खाणारी माणसे भात खाऊ लागली. त्यांच्या रक्तातल्या अफ्लाटॉक्सिनच्या खुणा ओसरल्या. बाळपणी लस न मिळालेल्या पिढ्यांतही पुढे यकृताच्या कर्करोगाचे मृत्यू घटले.