पाण्यावरचा संसार : लिटर, युनिट आणि किलो



आज आपण एका वेगळ्याच घराबद्दल बोलणार आहोत. या घराला नळ नाही, विजेचा खांब नाही, दारात गॅसची गाडी येत नाही. हे घर पाण्यावर तरंगतं. दोन लांबट, निमुळत्या होड्या आडव्या तुळयांनी एकमेकींना जोडलेल्या, वर फळ्यांचा मंच, त्यावर लहानशी खोली आणि मधोमध शीड. या बोटीला कॅटामरान म्हणतात. जगात कितीतरी कुटुंबं अशा लहान बोटीवर महिनोन्‌महिने राहतात. तिथेच रांधतात, तिथेच धुणं वाळत घालतात, तिथेच पोरांचा अभ्यास घेतात.

आता तुम्ही म्हणाल, हे आम्हांला कशाला? तर खाडीकाठच्या काही गटांकडून आमच्याकडे एक विचारणा आली आहे. होडीतून कांदळवन दाखवण्याचं काम आपल्या बायका करतातच. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी गटाच्या बायका वल्ही मारत पर्यटकांना फिरवतात, हे तुमच्यापैकी बऱ्याच जणींनी ऐकलं असेल. आता प्रश्न पुढचा आहे. दोन होड्या जोडून त्यावर पाहुण्यांच्या रात्रीच्या मुक्कामाची सोय करता येईल का? त्यासाठी कर्ज काढावं का? आणि काढलंच तर पैसा आधी कशावर घालावा? याचं उत्तर शोधायचं तर जे लोक खरोखर बोटीवर राहतात त्यांचा संसार कसा चालतो, ते समजून घ्यायला हवं. आणि ज्यांच्या गावाला समुद्र नाही, पण टँकरची वाट बघणं आहे, वीज जाणं आहे, त्यांनाही हा हिशेब परका वाटणार नाही.

आधी नावाचं बघू. कॅटामरान हा शब्द तमिळ ‘कट्टुमरम’वरून आला. कट्टु म्हणजे बांधणं, मरम म्हणजे लाकूड. मूळ कट्टुमरम म्हणजे ओंडके एकत्र बांधलेला कोळ्यांचा तराफा. पुढे इंग्रजीत हे नाव जोडहोडीला चिकटलं. मोठ्या समुद्रात जाणाऱ्या जोडहोड्या मात्र प्रशांत महासागरातल्या बेटांवरच्या लोकांच्या. आपल्याकडेही शब्द आहेच, सांगड. ‘दोन गोष्टींची सांगड घालणं’ असं आपण रोज बोलतो. गोव्यात २९ जूनला कोळी बांधव होड्या जोडून सांगोडचा सण साजरा करतात, तोही याच शब्दाचा भाऊ.

अलीकडच्या काळात लहान जोडहोडीवर संसार करता येतो हे दाखवलं ते जेम्स व्हारम या इंग्रज माणसाने आणि त्याच्याबरोबरच्या दोन जर्मन तरुणींनी, रूथ आणि युता यांनी. त्यांची ‘टांगारोआ’ ही बोट जेमतेम साडेतेवीस फुटांची, म्हणजे आपल्या दोन लहान खोल्यांएवढी लांब. १९५५ साली ते इंग्लंडहून निघाले आणि अटलांटिक महासागर ओलांडून १९५७ साली ट्रिनिडाद बेटावर पोहोचले. तिथे युताला मुलगा झाला. तिथेच त्यांनी चाळीस फुटांची दुसरी जोडहोडी बांधली आणि १९५९ साली तिच्यातून अटलांटिक उलट दिशेने पार केला. ना फ्रीज, ना सौर पॅनल, ना मोबाईल. तेव्हा हे लक्षात ठेवा की पाण्यावरचा संसार यंत्रांवर उभा राहत नाही, हिशेबावर उभा राहतो.

पहिला हिशेब किलोचा. जोडहोडीचे दोन्ही भाग सडपातळ असतात. त्यामुळे ती एकेरी शिडाच्या बोटीसारखी एका बाजूला झुकत नाही. चुलीवरचं पातेलं जागेवर राहतं, झोपलेलं मूल घरंगळत नाही. तळ उथळ असल्याने वाळूपर्यंत नेता येते. पण सडपातळपणाची किंमतही आहे. सामान वाढलं की ती पटकन खाली बसते. मग दोन होड्यांच्या मधल्या मंचावर खालून लाटा आपटू लागतात, चाल मंदावते, जोडांवर ताण येतो. तीस फुटांच्या आसपासच्या हलक्या कॅटामरानला माणसं, पाणी, भांडी, अंथरुणं सगळं धरून साधारण टनभर भार पेलवतो. म्हणून बोटीवर राहणारी माणसं प्रत्येक वस्तू हातात घेऊन विचारतात, ‘हिचं वजन किती आणि ही रोज लागते का?’ जड सामान दोन्ही बाजूंना सारखं आणि मध्याजवळ ठेवतात.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. शिडाच्या एकेरी बोटीच्या तळाशी जड वजन असतं, त्यामुळे ती कलली तरी पुन्हा सरळ होऊ पाहते. जोडहोडीला तसं वजन नसतं. ती सहसा उलटत नाही, पण उलटली तर आपोआप सुलटी होत नाही. म्हणून वारा वाढायच्या आधीच शीड कमी करणं आणि भाराची मर्यादा पाळणं हा तिथला पहिला नियम असतो.

दुसरा हिशेब लिटरचा. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. तीन माणसांच्या कुटुंबाने पिणं, रांधणं आणि जपून अंग पुसणं धरून माणशी सहा लिटर वापरलं, तर दिवसाला १८ लिटर लागतात. दहा दिवसांचे झाले १८० लिटर. १५ लिटरचा हंडा धरला तर बारा हंडे. म्हणजे १८० किलो वजन नुसतं पाण्याचं. म्हणून भांडी आधी समुद्राच्या पाण्याने घासतात आणि शेवटचा हात तेवढा गोड्या पाण्याने. नळाऐवजी पायाने दाबायचा पंप बसवतात, कारण पाय थांबला की पाणी थांबतं.

पावसाचं गणित सोपं आहे. एक चौरस मीटर कापडावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळतं. तीन मीटर लांब आणि तीन मीटर रुंद छताच्या कापडावर २० मिलिमीटरची एक सर आली तर हिशेबाने १८० लिटर झाले, पुरते दहा दिवसांचे. थोडं वाया जातं, आणि पहिलं पाणी कापडावरचं मीठ धुण्यासाठी सोडून द्यावं लागतं. समुद्राचं पाणी गोडं करणारी लहान यंत्रंही मिळतात. ती मोठ्या दाबाने पाणी अगदी बारीक पडद्यातून ढकलतात. लहान यंत्र तासाला पाच-सहा लिटर पाणी देतं, पण गढूळ किंवा तेलकट पाण्यात त्याचे गाळण पडदे खराब होतात. त्यामुळे आपल्या चिखलाच्या खाडीत ते उपयोगाचं नाही. शिवाय आपला पर्यटनाचा हंगाम कोरडा. तेव्हा आपल्या बोटीला पाणी काठावरूनच न्यावं लागणार, हे धरून चाला.

इथे एक गोष्ट आम्हांला फार महत्त्वाची वाटते. बोटीवर टाकीत किती पाणी उरलं हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. बाप दाढी करताना बघतो, मुलगा हात धुताना बघतो. आपल्या घरात किती हंडे आणले हे फक्त आणणारीला ठाऊक असतं. पाणी मोजलं की ते वाहून आणणारीचं कामही मोजलं जातं. एवढं तर आपण कोरड्या जमिनीवर राहूनही करू शकतो.

तिसरा हिशेब युनिटचा. विजेच्या बिलावरचं एक युनिट म्हणजे हजार वॅट-तास. बोटीवरच्या कुटुंबाचं दिवसाचं असं धरा : पाच वॅटचे चार दिवे पाच तास, म्हणजे १००. दहा वॅटचे दोन पंखे दहा तास, म्हणजे २००. फोन आणि रेडिओचे ६०. रात्रभर नांगराचा दिवा, साधारण २५. एवढं सगळं मिळून ३८५ झालं. पण एक लहान फ्रीज ठेवला की तो एकटा उष्ण हवेत ५०० च्या आसपास खातो. म्हणजे संपूर्ण घराला जेवढी वीज, त्याहून जास्त एका फ्रीजला. म्हणून अनेक जण फ्रीज ठेवतच नाहीत. डाळी, कडधान्यं, मोड आलेले मूग, सुकी मासळी, लोणचं यांवर भागवतात. या बाबतीत आपल्या कोकणातल्या आज्यांना कुणी शिकवायला नको.

आपल्याकडे एक हजार वॅटचे सौर पॅनल दिवसाला साधारण चार युनिट वीज देतात. बोटीवर शिडाची सावली पडते, पॅनल आडवे असतात, म्हणून त्याहून कमी धरावं. फ्रीजसह घर चालवायला तीनशे-चारशे वॅट लागतील. फ्रीज नसेल तर दीडशे वॅटमध्ये भागतं. बॅटरी घेताना एक ध्यानात ठेवा. घरच्या इन्व्हर्टरची शिशाची बॅटरी रोज अर्ध्याच्या खाली उतरवली तर लवकर मरते. १५० अँपिअर-तासांच्या बॅटरीवर १८०० वॅट-तास लिहिलेले असले तरी आपल्या कामाचे ९०० च. आणि तिचं वजन पन्नास किलोच्या पुढे. लिथियमची बॅटरी त्यापेक्षा पुष्कळ हलकी आणि जास्त रिकामी करता येते, पण विकत घेताना महाग पडते.

आता गॅस. आपल्या सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा दीड ते दोन पट जड असतो. घरात गळती झाली तर दारं उघडून तो उंबऱ्यावरून बाहेर काढता येतो. बोटीत मात्र तो तळाशी, खोलगट भागात साठून राहतो आणि तिथे एक ठिणगी पुरते. म्हणून बोटीवर सिलिंडर आत ठेवत नाहीत. वर, उघड्यावर, वेगळ्या पेटीत ठेवतात, आणि त्या पेटीला गळलेला गॅस थेट बोटीबाहेर जाईल असं खाली भोक असतं. रांधून झालं की सिलिंडरवरचाच कॉक बंद. दारं-खिडक्या लावून आत शेगडी किंवा कोळसा पेटवून झोपणं तर जिवावरच बेततं, कारण त्या धुराच्या विषारी वायूला वास नसतो. पाहुण्यांच्या मुक्कामासाठी घरगुती सिलिंडर वापरता येत नाही, हेही ध्यानात असू द्या. रांधायला प्रेशर कुकर उत्तम. गॅस कमी लागतो, आणि झाकण घट्ट असल्याने बोट हलली तरी उकळतं अन्न अंगावर येत नाही.

संडासाचा विषय आपल्याकडे शेवटी येतो, बोटीवर तो आधी येतो. मैला तसाच पाण्यात सोडायचा नसेल तर दोन वाटा. एक म्हणजे साठवणीची टाकी, जी काठावर आणून रिकामी करायची. दुसरी म्हणजे कोरडा संडास, ज्यात लघवी वेगळ्या डब्यात जाते आणि मैल्यावर नारळाच्या काथ्याचा भुसा टाकतात. दोन्ही वेगळं राहिलं की वास फार कमी होतो आणि पाणीही लागत नाही. काथ्याचा भुसा तर आपल्याच दारात तयार होतो. ज्या खाडीतली मासळी आणि तिसऱ्या आपण खातो, विकतो, त्या खाडीत मैला सोडून पर्यटन चालवता येणार नाही.

तर मग कर्जाचं काय? आमचं मत असं. पहिला पैसा जीव वाचवण्यावर : प्रत्येक माणसाला, लहान मुलांना त्यांच्या मापाची जीवनरक्षक जाकिटं, आग विझवायचं नळकांडं, मजबूत नांगर, प्रथमोपचार पेटी. त्याबरोबर जाणकार अभियंत्याकडून जोडाची तपासणी, महाराष्ट्र सागरी मंडळाकडची नोंदणी व परवाना, आणि विमा. दोन होड्या दोरीने बांधल्या म्हणजे कॅटामरान होत नाही. लाटेवर दोन्ही भाग वेगवेगळे हलतात आणि सगळा पीळ तुळयांवर येतो. दुसरा पैसा संडास आणि पिण्याच्या पाण्यावर. तिसरा दिवे, पंखे, मच्छरदाण्यांवर. गाद्या, पडदे, रंगीत दिवे सगळ्यांत शेवटी. एका रात्रीच्या मुक्कामाला फ्रीज लागत नाही, बर्फाची पेटी पुरते.

आणि सही करण्याआधी एक काम करा. कुणाची तरी तयार, परवान्याची बोट दोन दिवस भाड्याने घ्या आणि काठाजवळ नांगरून गटातल्या चौघींनी तिच्यावर दोन रात्री राहून बघा. किती पाणी लागलं, किती वीज गेली, रात्री संडासाला जाताना भीती वाटली का, मासिक पाळीत सोय झाली का, पहाटेच्या दवाने अंथरूण ओलं झालं का, सगळं वहीत लिहा. पाहुणा जे सांगणार नाही ते ही वही सांगेल. ती वही बँकेत नेली तर तुमचा प्रस्ताव भरल्या पोटी बोलेल.

ज्या गटांना खाडी नाही त्यांनीही येत्या बैठकीपर्यंत एका आठवड्याचे घरचे लिटर आणि युनिट लिहून आणावेत. हंडे कुणी भरले, ते नावही पुढच्या रकान्यात लिहा. पुढच्या भागात या वह्यांवरच बोलू.