घरच्या संगणकाला पाच स्पीकर : घ्यावेत की न घ्यावेत?

आमचा धंदा कापडाचा. थान हातात घेतले की सूत किती नंबरचे, पन्ना किती, ताण्या-बाण्यात कुठे चोरी झाली आहे हे आम्ही बोटांनी सांगू. पण गेल्या दिवाळीच्या सुट्टीत घरात जो सौदा निघाला त्यात आमची बोटे काही कामाची नव्हती. तिथे कान लागत होते. आणि कानांच्या बाबतीत आम्ही किती पाण्यात आहोत हे त्या सौद्यानेच आम्हाला दाखवले. म्हणून हा लेख व्यापार पानासाठी लिहीत आहोत. व्यापारी आणि कारागीर बंधूंपैकी पुष्कळांच्या घरी आज ना उद्या हाच प्रश्न येणार आहे.

आमच्या घरी संगणक आला तो जीएसटीमुळे. १ जुलै २०१७ पासून बिले आणि विवरणपत्रे सगळी त्यावर गेली आणि दुकानाची वही माडीवरच्या खोलीत जाऊन बसली. दिवसा त्यावर हिशेब, रात्री मुलांचे सिनेमे. धाकटा चिरंजीव आता लग्नांच्या चित्रफिती जोडण्याचे काम शिकतो आहे. त्याचे म्हणणे असे पडले की संगणकाला 'सराउंड' आवाजाचा संच पाहिजे, त्याशिवाय कामाला दर्जा येणार नाही. नाशिकच्या एका दुकानात त्याने भाव काढला होता : साडेअठरा हजार. तेवढ्यात आमच्याकडे ड्रेस मटेरियलचा एक बरा गठ्ठा येतो. आम्ही म्हटले, "बेटा, माल पाहिल्याशिवाय पैसे नाहीत." तो म्हणाला, "अब्बा, माल पाहायचा नाही, ऐकायचा आहे."

आधी हा प्रकार काय आहे ते सांगतो. दुकानदार '५.१' म्हणतात. त्याचा अर्थ पाच लहान स्पीकर आणि एक मोठा डबा. समोर डावा, समोर उजवा, मध्ये एक, आणि ऐकणाऱ्याच्या बाजूला जरा मागे सरकून दोन. मोठा डबा, ज्याला सबवूफर म्हणतात, फक्त जाड आवाज काढतो, म्हणून त्याचा हिशेब पूर्ण एक न धरता दशांश धरला आहे. फार जाड आवाज कुठून आला हे माणसाच्या कानाला नीट कळत नाही, म्हणून तो डबा टेबलाखाली ठेवला तरी चालतो. बाकीच्या पाचांना मात्र जागा ठरलेली. समोरचे दोन ऐकणाऱ्याच्या नाकाच्या रेषेपासून ३० अंशांवर, मागचे दोन सुमारे ११० अंशांवर. हे अंतर चुकले तर पैसे पाण्यात.

ही गोष्ट सिनेमाघरातून आली. १९७५ चा 'शोले' मोठ्या शहरांत ७० मिलिमीटरच्या पडद्यावर आणि स्टिरिओफोनिक आवाजात दाखवला गेला. नाणे उडवल्याचा आवाज ऐकून लोक खुर्चीखाली पैसा शोधायला वाकायचे, अशी आठवण जुने लोक अजून सांगतात. '१९४२ : अ लव्ह स्टोरी' १९९४ साली आला तो डॉल्बी आवाज घेऊन. या डॉल्बी शब्दाची आपल्या महाराष्ट्रात गंमतच झाली आहे. मिरवणुकीत ट्रॅक्टरवर रचलेली स्पीकरची भिंत म्हणजे डॉल्बी, असा आपल्याकडे अर्थ. खरे तर रे डॉल्बी हा अमेरिकन इंजिनिअर होता. १९६३ ते १९६५ तो युनेस्कोचा तांत्रिक सल्लागार म्हणून भारतातच होता. इथून गेल्यावर १९६५ साली लंडनमध्ये त्याने आपली कंपनी काढली. त्याचा पहिला नामांकित शोध कोणता, तर टेपमधला सूं-सूं असा नको असलेला आवाज कमी करण्याचा! ज्याने गोंगाट कमी केला त्याच्याच नावाने आज गल्लीतल्या खिडक्या हादरतात. असो.

नाशिकला आम्ही दोघे गेलो. दुकानात संच मांडलेला होता. दुकानदाराने मोबाइलवरून ब्लूटूथने गाणे लावले. आवाज दणदणीत, पाचही कोपऱ्यांतून. खोक्यावर वॅटचा आकडा तर एवढा की त्यावर दोन लूम चालावेत. चिरंजीवाने तिथे आमच्या तालमीची लाज राखली. त्याने विचारले, "हे वॅट पीएमपीओ आहेत की आरएमएस?" दुकानदार जरा थांबला. हा फरक आमच्या भाषेत सांगायचा तर पीएमपीओ म्हणजे गिऱ्हाइकाला ओढायचा फुगवलेला आकडा, क्षणभराच्या झटक्याचा, आणि तोही मोजण्याचा काही एक धड नियम नसलेला. आरएमएस म्हणजे सतत टिकणारी खरी ताकद. कापड धुण्याआधीचे वजन आणि खळ निघून गेल्यानंतरचे वजन यात जो फरक, तोच इथे. खोक्यावर फक्त पहिला आकडा असेल तर समजावे की माल खळीचा आहे.

दुसरा मुद्दा त्याहून मोठा. ब्लूटूथवरून गाणे पाठवण्याची जी नेहमीची रीत आहे तीत डावी आणि उजवी अशा दोनच वाहिन्या जातात. म्हणजे दुकानदार आम्हाला जे ऐकवत होता ते सराउंड नव्हतेच. दोन वाहिन्यांचा आवाज पाच तोंडांतून वाटला होता, एवढेच. चाळीस नंबरचे सूत पाच वेळा धुतले म्हणून साठचे होत नाही. आपण घरी जी गाणी ऐकतो ती जवळजवळ सगळी दोनच वाहिन्यांची असतात. रफी-लताची जुनी गाणी तर मुळात एकाच वाहिनीवर मुद्रित झालेली. त्यांना पाच स्पीकर लावून काय पदरात पडणार? पाच वाहिन्यांचा खरा माल मिळतो तो सिनेमाच्या डिस्कवर, काही सशुल्क सेवांवर आणि संगणकाच्या खेळांत. तोही संगणकातून बाहेर नीट आला तर.

तो बाहेर कसा येतो, तेही पाहून घ्यावे. टेबलावरच्या संगणकाच्या मागे रंगीत भोके असतात. हिरवे समोरच्या दोन स्पीकरचे, काळे मागच्यांचे, नारिंगी मधल्याचे आणि सबवूफरचे. आमच्या संगणकाला तीनच भोके निघाली : हिरवे, निळे आणि गुलाबी. अशा यंत्रातही निळ्या-गुलाबी भोकांना सेटिंग बदलून स्पीकरच्या कामाला लावता येते, पण मग मायक्रोफोन पुढच्या भोकात खुपसावा लागतो. लॅपटॉपला तर बहुधा एकच भोक. तिथे एचडीएमआयची तार आणि ती समजणारा ॲम्प्लिफायर, किंवा बाहेरून लावायचे साउंड कार्ड, हा वेगळा खर्च. हे दुकानदार आपण होऊन सांगत नाही.

चिरंजीवाने मग दुकानातल्या संगणकाला तिन्ही तारा जोडायला लावल्या. विंडोजमध्ये एक चाचणी असते. एकेका स्पीकरमधून आळीपाळीने आवाज येतो आणि कोणता वाजला ते पडद्यावर दिसते. तो म्हणाला, "अब्बा, डोळे मिटा आणि बोट दाखवा." आम्ही डोळे मिटले. समोरचा डावा बरोबर सांगितला. मधला सांगितला डावा. समोरचा उजवा सांगितला मधला. मागचा उजवा वाजला तेव्हा आम्ही पुन्हा डावीकडे बोट केले. पुन्हा चाचणी, पुन्हा तेच. दुकानदाराला वाटले तारा उलट्या लागल्या, तो वाकून तपासायला लागला. तारा बरोबर होत्या.

मनमाडला परत येताना पॅसेंजरमध्ये आम्ही गप्प होतो. आवाजाची दिशा माणसाला दोन कानांच्या फरकावरून कळते. डावीकडचा आवाज डाव्या कानाला सेकंदाच्या हजाराव्या हिश्श्यापेक्षाही कमी वेळ आधी पोचतो आणि थोडा मोठा असतो. तेवढ्या फरकावर मेंदू जागा ठरवतो. एक कान मंदावला की हा हिशेबच बिघडतो. आमचा उजवा कान मंद आहे, हे घरात सगळ्यांना माहीत होते, आमच्याशिवाय. घरवाली म्हणाली, "तुम्ही फोन नेहमी डाव्या कानालाच लावता, दहा वर्षे झाली."

कारणही उघड आहे. १९८८ ते १९९३ आम्ही मालेगावात मामूंच्या कारखान्यात होतो. बारा तासांची पाळी, चोवीस लूम, वर पत्रा. साध्या शटलच्या यंत्रमागांच्या शेडमध्ये आवाज ९० डेसिबलच्या वर सर्रास जातो, कित्येक ठिकाणी १०० च्या आसपास. कारखाना कायद्याखालच्या नमुना नियमांत ९० डेसिबलची मर्यादा होती ती आठ तासांसाठी. १०० डेसिबलला फक्त दोन तास. १९४८ च्या त्या कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत गोंगाटाने आलेले बहिरेपण हा कळवण्याजोगा आजार म्हणून नोंदलेला होता. आम्ही मात्र त्या वेळी कानात कापूस घालणाऱ्याला नाजूक म्हणून हसत होतो. या बहिरेपणाची खोड अशी की ते आधी वरच्या पट्टीत, ४००० हर्ट्झच्या आसपास येते. मोठा आवाज ऐकू येतो, पण 'स', 'श', 'फ' अशी अक्षरे पुसट होतात. माणूस म्हणतो, "ऐकू येते, पण लोक हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतात." कारखान्यात उमर गेलेल्या किती बुजुर्गांच्या तोंडून हे वाक्य आम्ही ऐकले आहे!

आता सौद्याकडे येऊ. घरी येऊन आम्ही टेप घेऊन खोली मोजली. दहा फूट बाय अकरा. संगणक भिंतीला, खुर्चीमागे चार फुटांवर अम्मींचा तख्त आणि बाजूला दार. मागचा डावा स्पीकर नेमका अम्मींच्या उशाशी येत होता आणि मागचा उजवा दारात. दाराला टांगावा तर दार उघडेल तसा आवाज फिरणार. शिवाय जाड आवाज भिंतीतून सहज पलीकडे जातो. शेजाऱ्यांची आणि आमची भिंत एकच. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहेत. शेजारी नियम दाखवायला येणार नाहीत, भले लोक आहेत. पण रात्रपाळी करून आलेल्या रेल्वेवाल्याची झोप आम्ही का मोडावी? आधीच मनमाडकराला जंक्शनच्या शिट्ट्या आयुष्यभर पुरतात.

चिरंजीवाच्या धंद्याचा मुद्दा राहिला. आम्ही त्याला विचारले, तुझी चित्रफीत गिऱ्हाईक कशावर पाहते? म्हणाला, मोबाइलवर, नाहीतर टीव्हीवर. म्हणजे दोनच वाहिन्या. मग कामाला लागतात ते दोन चांगले, खरे बोलणारे स्पीकर आणि एक धड हेडफोन. खेळातली दिशा हवी असेल तर विंडोजमध्ये हेडफोनसाठी सराउंडचा भास करून देणारी सोय २०१७ पासून फुकट आहे. आवाजाचे काम जन्माचा धंदा म्हणून करायचे असेल तर गोष्ट वेगळी. 'स्लमडॉग मिलेनिअर'च्या ध्वनीसाठी २००९ साली ऑस्कर घेणारे रसूल पुकुट्टी पुण्याच्याच फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकले. तो रस्ता तालमीचा आहे, साडेअठरा हजारांच्या संचाचा नाही. आणि आपल्या शेजारी मालेगावात व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी २००० साली 'मालेगाव के शोले' काढला, तो आम्ही दोन साध्या स्पीकरवर पाहिला. हसायला काही कमी पडले नाही.

पाच स्पीकरच्या विरोधात आम्ही नाही. ज्याची बैठक मोठी आहे, ऐकणारा खोलीच्या मधोमध बसतो, संगणक टीव्हीला जोडून घरात रोज सिनेमा चालतो आणि दोन्ही कान शाबूत आहेत, त्याने जरूर घ्यावा. एक फायदा तर आमच्यासारख्यांसाठीही आहे. सिनेमात बोलणे बहुतेक मधल्या स्पीकरवर असते. तो एकटा वाढवता येतो. बोलणे स्पष्ट होते आणि ढिशुम ढिशुम आटोक्यात राहते. अम्मींना ऐकू कमी येते, त्यांच्यासाठी आम्ही याचा विचार केला होता. पण अम्मी सिनेमा पाहत नाहीत. त्या बातम्या ऐकतात, आणि बातम्यांना मधली वाहिनी नसते.

शेवटी बेचाळीसशेचे दोन स्पीकर आणि एक हेडफोन आला. आमच्यासाठी चिरंजीवाने एक सेटिंग शोधून दिले, ज्यासाठी एक पैसाही लागला नाही. विंडोजमध्ये 'मोनो ऑडिओ' म्हणून एक बटण आहे. ते चालू केले की डावे-उजवे दोन्ही एकत्र होऊन दोन्ही कानांना सारखेच मिळते. हेडफोन लावून गाणे ऐकताना सतार उजवीकडे असली की ती आमच्यापुरती गायबच होती, आता परत आली. मोबाइलमध्येही ही सोय असते. एक कान मंद असणाऱ्याने आजच शोधावी.

उरलेल्या पैशांतून नाशिकला कानाची तपासणी केली. कागदावर उजव्या कानाची रेघ ४००० जवळ खड्ड्यासारखी खाली गेली आहे, डाव्याचीही थोडी. गेलेले परत येत नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. मालेगावात आमचे दोन पुतणे आजही लूमवर आहेत. त्यांच्यासाठी कानात घालायच्या फोमच्या गुल्ल्यांची डबी नेऊन दिली. धाकट्याने लगेच घातल्या. थोरल्याने खिशात ठेवल्या आणि म्हणाला, "चाचा, धागा तुटल्याचा आवाज कसा कळणार?" आम्ही त्याला तपासणीचा कागद दाखवला आणि पुढच्या जुम्याला त्यालाही नाशिकला नेण्याचे ठरवले आहे.