ख्रिसमस ट्री पावसाळ्यात का मरतं? कुंडीतली मूळकूज समजून घेताना

डिसेंबरात कोल्हापुरातल्या नर्सरीतून आपण हौसेनं ख्रिसमस ट्री आणतो. सण होतो, उन्हाळाही निघतो, आणि जुलै-ऑगस्टमध्ये झाड मलूल होऊन जातं. मग आम्हाला हमखास ऐकू येतं, "अहो, पाणी तर रोज घालत होतो!" आजचा विषय या एका वाक्यातच आहे.

आधी झाड ओळखू. युरोप-अमेरिकेत ख्रिसमसला फर, स्प्रूस, पाइन वापरतात. आपल्याकडे कुंडीत मिळतो तो अरोकेरिया. हाही सूचिपर्णीच, पण मूळचा नैऋत्य पॅसिफिकमधल्या बेटांवरचा. त्याच्या मुळांना ओल चालते, पण साचलेलं पाणी चालत नाही.

पाणी साचलं की मातीतली हवा संपते, मुळं गुदमरतात. अशा वेळी फायटोप्थोरा आणि पिथियम हे रोगकारक जोर धरतात. त्यांचे बीजाणू शेपटीच्या साहाय्यानं पाण्यात चक्क पोहतात आणि मुळांच्या टोकांपर्यंत पोहोचतात. मुळं कुजली की पाणी वर जात नाही, म्हणून झाड तहानलेलं दिसतं. आपण आणखी पाणी घालतो आणि रोगाला वाट करून देतो.

इथे एक गंमत आहे. यांना आपण सवयीनं बुरशी म्हणतो, पण शास्त्रज्ञ आता त्यांना खऱ्या बुरशीत धरत नाहीत. खऱ्या बुरशीच्या पेशीभित्तिकेत कायटिन असतं, यांच्यात मुख्यतः सेल्युलोज आणि ग्लुकन असतात. हा फरक फक्त पुस्तकी नाही. घरात असलेलं कार्बेन्डाझिम आपण ओततो, ते यांच्यावर चालतच नाही. मेटॅलॅक्सिल वेगळं, ते चालतं. पण कुजलेलं मूळ तेही परत आणू शकत नाही.

हा शत्रू आपल्या ओळखीचा आहे. घाट उतरून कोकणात गेलात, तर सुपारीची फळं गळवणारा कोळेरोग याच फायटोप्थोरा कुळातला. तिकडे अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलिनातले शेतकरी फ्रेझर फर लावतात, त्यांचीही हीच डोकेदुखी. रोग एकदा जमिनीत शिरला की तिथे पुन्हा फ्रेझर फर घेणं अवघड. म्हणून काही जण जपानी मोमी फरच्या खुंटावर कलम करतात.

मग ओळखायचं कसं? फक्त खालच्या फांद्या वाळत असतील, तर बहुधा घरात उजेड कमी पडतोय. पण माती ओली असून सगळंच झाड निस्तेज दिसत असेल, तर कुंडीतून अलगद काढून मुळं बघा. निरोगी मूळ पांढरट आणि घट्ट असतं. कुजलेलं तपकिरी असतं, चिमटीत धरून ओढलं की वरची साल मोज्यासारखी निघते आणि आत दोरा उरतो.

उपाय साधे आहेत. कुंडीचं भोक मोकळं ठेवा, खालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नका. नुसती काळी माती भरू नका, त्यात जाड वाळू आणि कुजलेलं खत मिसळा. बोट दोन पेरं खुपसून बघा, कोरडं लागलं तरच पाणी द्या. पावसाळ्यात कुंडी विटांवर, आडोशाला ठेवा. मेलेल्या झाडाची माती मात्र दुसऱ्या कुंडीत टाकू नका.

थोडक्यात, पुढच्या डिसेंबरचं झाड या जुलैमध्ये वाचतं. झाड मलूल दिसलं, की तांब्या उचलण्याआधी माती चाचपायची.