राणी घडवताना – ७ : बापाकडची बाजू

अळी उचलून राणीघरात ठेवण्याची रीत आज सांगायची होती. ती पुढच्या आठवड्यावर ढकलतो. कारण महाबळेश्वर भागातल्या एका वाचकाचा प्रश्न. गावात सर्वांत जास्त मध देणारी सातेरीची एकच वसाहत निवडली आणि तिच्या राणीच्या मुली सगळ्या मधपाळांना वाटल्या, तर गाव झटपट सुधारणार नाही का? प्रश्न रास्त आहे, पण त्यात हिशेब निम्माच धरलाय. कोवळी राणी उडत्या हवेत दहाहून अधिक नरांशी मीलन करते. ते नर कुणाच्या पेटीतले की रानातल्या ढोलीतले, हे आपल्या हातात नसते. आता प्रत्येक पेटीत एकीच्याच मुली बसवल्या, तर पुढच्या हंगामात हवेतले बहुतेक नर त्याच बहिणींचे असणार आणि नव्या राण्यांची गाठ पडणार ती नात्यातल्या नरांशी. मधमाशीत लिंग ठरवणाऱ्या जनुकाची अनेक रूपे असतात. फळलेल्या अंड्यात दोन वेगळी रूपे आली तर मादी होते. एकच रूप दोनदा आले तर निरुपयोगी नर, आणि कामकरी माश्या ती अळी फुटताक्षणीच खाऊन टाकतात. राणीशी रूप जुळणाऱ्या नराच्या वाट्याची निम्मी अंडी अशी वाया जातात. पोळ्यात अळ्यांच्या मधे रिकामी घरे दिसू लागतात, आणि मधपाळ बिचारा राणी म्हातारी झाली म्हणून तिला दोष देतो.

यावर आक्षेप येतो, की रानातले नर मिसळले तर निवडलेले गुण पातळ होणारच. होतात, निवड सावकाश चालते हे मान्य. पण त्या रानातल्या वसाहती सह्याद्रीचा पाऊस आणि त्यातली उपासमार कुणी पाक न पाजता काढतात. जांभूळ-हिरडा फुलण्याच्या बेताने वाढतात. युरोपात ११ देशांत २००९पासून सहाशेवर वसाहतींवर झालेल्या प्रयोगात स्थानिक राणीच्या वसाहती परक्या राणीच्या वसाहतींपेक्षा सरासरी ८३ दिवस जास्त टिकल्या. ती माशी मेलिफेरा होती, सातेरी नव्हे. आकडा इथे जसाच्या तसा लावता येणार नाही, पण दिशा तीच असावी असे मला वाटते. रोगाचेही तसेच. १९९१-९२च्या सुमारास थाई सॅकब्रूडने दक्षिणेतली सातेरी धुऊन नेली, तेव्हा पुन्हा उभे राहायला आधार झाला तो तगलेल्या वसाहतींचा. सगळ्यांच्या पेट्यांत एकच रक्त असते, तर तगायला उरले असते कोण?

म्हणून माझे मत असे: आईवसाहती एक नव्हे, निरनिराळ्या मधपाळांच्या आठ-दहा तरी निवडा. एकट्या मधपाळाला हवेतले नर सांभाळता येत नाहीत, गावाला येतात. राणीपैदास सामुदायिक हवी ती त्यासाठीच. नर अंड्यापासून मीलनायोग्य व्हायला पाच आठवडे घेतो, राणीला तीन पुरतात, तेव्हा नरांची तयारी निदान दोन आठवडे आधी व्हायला हवी. नर मध खातात म्हणून चौकटीच्या कडेची, टोपीवर बारीक छिद्र असलेली घरे कापून टाकायची अनेकांना सवय आहे. चांगल्या वसाहतींतली ती घरे या हंगामात कापू नका. ती दिसू लागली की कळवा, मग अळी उचलायला बसू.