सोळा गोलांचा हिशेब



सुरतेच्या जरीची कीर्ती आपण जाणतोच. परंतु जरीचा काठ कितीही मोलाचा असो, खालचे पोत विरविरीत असेल, तर ती जरीच आपल्या भाराने वस्त्र फाडते. फुटबॉलच्या संघाचेही असेच आहे. उदाहरणासाठी फार दूर जावयास नको. ते शेजारच्या मुंबईतच सापडते.

इंडियन सुपर लीग ही स्पर्धा २०१४ साली सुरू झाली. तेव्हा तीत आठ संघ होते व साखळीत प्रत्येकाच्या वाट्यास चौदा सामने येत. मुंबई सिटी या संघाने फ्रान्सचा निकोलस आनेल्का व स्वीडनचा फ्रेडी लुंगबर्ग असे नामांकित खेळाडू आणले. तरीही मुंबई आठांत सातवी आली. पुढील वर्षी लिलावात तिने सुनील छेत्रीसाठी १ कोटी २० लाख रुपये मोजले. त्या लिलावातील ती सर्वोच्च बोली होती. छेत्रीनेही आपले मोल फेडले. या स्पर्धेत हॅट्‌ट्रिक साधणारा तो पहिला भारतीय ठरला. परंतु संघ सहावाच राहिला. गोव्याविरुद्ध तर त्याने एका सामन्यात सात गोल खाल्ले व एकही केला नाही.

मग पैशाचे चीज का झाले नाही? याचे उत्तर आकड्यांतच आहे. २०१५ साली मुंबईने १६ गोल केले आणि २६ स्वीकारले. २०१६ साली आलेशांद्रे गिमारायश यांच्या मार्गदर्शनाखाली तिने पुन्हा १६च गोल केले. स्वीकारले मात्र अवघे ८. तीच मुंबई साखळीत पहिली आली! त्या वर्षीही उरुग्वेचा दिएगो फोर्लान हा मोठा खेळाडू संघात होताच. तेव्हा दोष पैशाचा नव्हे. तो कशावर भरवसा ठेवून खर्च केला, याचा आहे.

गोल करणारा सर्वांना दिसतो, म्हणून त्याची किंमत चढते. गोल वाचविणे हे मात्र एकट्या गोलरक्षकाचे काम नव्हे. चेंडू हातचा जाताच आघाडीच्या खेळाडूंनी मागे धावावे, मधल्या फळीने वाट अडवावी, बचावफळीने आपसांतील अंतर ढळू देऊ नये, असे ते अकरा जणांचे काम आहे. ही सवय एकत्र सरावानेच जडते. ती लिलावात मिळत नाही. २०१४ च्या साखळीत केरळ ब्लास्टर्सने तर केवळ ९ गोल केले, म्हणजे मुंबईहूनही तीन कमी. परंतु स्वीकारले ११च. तो संघ अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला.

आपल्या शाळांच्या मैदानांवरही प्रत्येक मुलाला पुढे खेळावयाचे असते. बचावाला कोण, असे विचारताच माना खाली जातात आणि जो अबोल असेल, त्याला मागे धाडले जाते. बक्षीस-समारंभात त्याचे नाव क्वचितच निघते. अशा मुलाच्या अंगचे गुण आपण वेळीच ओळखले नाहीत, तर तो खेळच सोडून देतो. म्हणून सामना संपल्यावर किती गोल केले, एवढेच विचारून थांबू नये. किती वाचविले आणि ते कोणी, हेही मुलांना आवर्जून विचारावे.