'ग' कोठे गेला?

इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक व्यापारी ग्रंथात 'तगर' शहर येते. तेथील कापड गाड्यांतून भडोच बंदरात जाई. हे तगर कोणते? कोणी म्हणे जुन्नर, कोणी दौलताबाद. अखेर ते धाराशिव जिल्ह्यातील, तेरणाकाठचे तेर ठरले!

तगरचे तेर कसे झाले? दोन स्वरांमधला 'ग' बोलताना मवाळ झाला : तगर, तयर, तेर. 'नगर'चेही असेच 'नेर' झाले. जामनेर, अमळनेर आठवा.

युरोपातही हेच घडले. तगरहून येणारा माल विकत घेणारा ग्रीक व्यापारी 'मी' याअर्थी 'एगो' म्हणे, लॅटिनमध्येही 'एगो'च. पण लॅटिनच्या लेकींनी 'ग' गाळला : इटालियन 'इओ', स्पॅनिश 'यो', पोर्तुगीज 'एउ'. संस्कृत 'अहम्' याच घराण्यातला. कोकणी 'हांव' आणि गुजराती 'हुं' ही त्याची नातवंडे. आपला 'मी' मात्र 'मया'पासून आला. इंग्रजीत 'मला' याअर्थी येणाऱ्या 'मी'चा तो चुलतभाऊ!

आता नकाशा उघडा आणि आपल्या जिल्ह्यातील 'नेर' शोधा. मात्र नुसत्या उच्चारावर विसंबू नका. जुना शिलालेख किंवा ताम्रपट काय सांगतो, तेही पाहा.